शुक्रवारची जास्वंद

आमच्याकडे रविवार शुक्रवारी येतो. अंबरनाथच्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी, म्हणून मटण शुक्रवारी, पाहुणे शुक्रवारी आणि नवऱ्याचं दुपारचं घोरणंही शुक्रवारी. पार उल्हासनगरपर्यंत जाणाऱ्या औद्योगिक वसाहतीच्या पाइपलाइनीची दुरुस्तीही त्याच दिवशी काढतात, म्हणजे नळाला पाणी नाही. पाणी नाही म्हणजे धुणं नाही, फरशी नाही, भांडीसुद्धा बेताची. त्या मोकळ्या वेळात आमच्या मोरिवलीतल्या बाकीच्या बायका काय करतात, मला माहीत नाही. मी भांडते.

भांडते ती फोनवर, न पाहिलेल्या माणसांशी. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर असा तिन्ही गावांचा मिळून एक ग्रुप आहे. तो काढला होता भाड्याच्या खोल्या, हरवलेली कुत्री आणि बंद पडलेले दिवे यांच्यासाठी. पण आपल्या लोकांना दिव्यांवर फार वेळ बोलता येत नाही. दिव्यावरून वीज, विजेवरून बॅटरीच्या गाड्या, तिथून मतदानाचं यंत्र आणि मग चंद्रावर यान खरंच उतरलं की कुठल्या स्टुडिओत उतरवलं, इथपर्यंत मंडळी जेवणाआधी पोचतात. मी बरीच वर्षं इथल्याच एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी केली. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा सोडली. आता विहारात मुलांना विज्ञान शिकवते. त्यामुळे कोणी ‘मोबाइलच्या टॉवरमुळे दूध नासतं’ असं लिहिलं की माझ्याच्यानं गप्प बसवत नाही.

ग्रुपवर माझा फोटो नाही. आमच्या गॅलरीतल्या कुंडीतली लाल जास्वंद आहे. नाव आहे ते नुसतं, आडनावाशिवाय. याचं कारण सांगून टाकते. पूर्वी दुसऱ्या एका ग्रुपवर मी पूर्ण नावानं होते. एकदा पाण्यातल्या क्षारांबद्दल साधी माहिती लिहिली, तर खाली एका गृहस्थांनी लिहिलं, ‘यांना नोकरी कशी मिळाली हे आडनावावरून कळतंच आहे.’ क्षार राहिले बाजूला. पुढे सगळे माझ्या नोकरीवर बोलत राहिले, माझे गुण किती असतील याचे अंदाज बांधत राहिले. आडनाव दिसलं की आपल्याकडे लोक मुद्दा वाचत नाहीत, आडनावच वाचतात. मला तेव्हा रडू आलं नाही, संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही. तेव्हापासून मी सगळ्यांसाठी जास्वंद आहे.

आडनाव लपवलं की लोकांचा संशय वाढतो, हे मात्र मला उशिरा कळलं. कुठल्याही वादात तिसऱ्या-चौथ्या उत्तराला कोणीतरी विचारणारच, ‘पूर्ण नाव लिहा की. घाबरता कशाला?’ मीही तेवढीच संशयी. विचारणाऱ्याचं खातं उघडून बघायचे, फोटो कुठला, मित्र किती, लिहितो कधी. निम्मे लोक मला पगारी वाटायचे. आणि सगळ्यांत पगारी वाटायचा तो गरुड.

त्याच्या खात्यावर उडत्या गरुडाचा फोटो होता आणि ‘जागरूक’ असं काहीतरी टोपणनाव. सकाळ, दुपार, संध्याकाळ, हा माणूस कधीही हजर. लस असो, रस्ता असो की सरकार असो, त्याचं म्हणणं एकच, ‘यामागे कोण आहे ते शोधा.’ मी दोन ओळी लिहिल्या की तो वीस लिहायचा. मी आकृती टाकली की तो विचारायचा, आकृती काढायला किती मिळाले? माझी खात्री होती की हा एक माणूस नाहीच. बदलापूरच्या कुठल्यातरी नव्या इमारतीत पडदे लावलेलं ऑफिस असणार, तिथे दहा पोरं दहा फोन घेऊन बसलेली असणार, आणि त्यांतलं पाळीपाळीनं कोणीतरी गरुड होत असणार. नवरा म्हणाला, “अगं, तुझ्याशी भांडायला कोण कशाला दहा पोरं ठेवेल?” मला ते लागलं. मी तेवढीही महत्त्वाची नव्हते की काय?

आणि मग एके दिवशी गरुडानं माझ्याबद्दल शोध लावला.

त्यानं जाहीर लिहिलं, ‘जास्वंद ही बाई नाही. हा पुरुष आहे. कारखान्यातला साहेब आहे आणि कंपन्यांच्या बाजूनं लिहायला बसवलेला आहे. पुरावा हवा? याच्या सगळ्या मोठ्या पोस्ट शुक्रवारच्या आहेत. शुक्रवारी सुट्टी कोणाला असते?’

हा तर्क पुण्यात कोणाला सुचला नसता. ठाण्यातही नाही. आमच्याच गावांत तो लागू पडतो, आणि आमच्याच लोकांनी तो टाळ्या वाजवून उचलला. कोणी म्हणालं, मला आधीच वास आला होता. कोणी म्हणालं, बाईमाणूस रसायनांबद्दल एवढं ठासून कशी बोलेल. एकानं तर विचारलं, ‘साहेब, मिशी ठेवता का?’ तेव्हापासून मी ग्रुपवर ‘जास्वंदसाहेब’ झाले. नवरा हसून हसून सोफ्यावरून घसरला. खरा साहेब तोच, शुक्रवारची सुट्टी त्याची, आणि त्याला ग्रुप म्हणजे काय ते धड माहीत नाही.

मी चिडून खरं काय ते लिहिलं, की बाबांनो, शुक्रवारी पाणी नसतं म्हणून मला वेळ असतो. त्यावर गरुडाचं उत्तर आलं, ‘उत्तर तयारच होतं वाटतं. कोणी लिहून दिलं?’

हे असंच चालू राहिलं असतं आणि मी ते इथे लिहिलंही नसतं. पण एका गुरुवारी दुपारी गरुडानं पाण्याच्या टाकीची पोस्ट टाकली.

कुठून तरी पुढे आलेला मजकूर होता. इमारतीखालची टाकी साफ करायची असेल तर आधी भिंतींना संडास धुवायचं अ‍ॅसिड लावा, मग त्यावरच ब्लीचिंग पावडर टाका. फेस येईल, पिवळट धूर निघेल, घाबरू नका, तो वर्षानुवर्षांचा विषारी मळ बाहेर पडतोय. कंपन्यांना ही साधी युक्ती तुम्हाला कळू द्यायची नाही. त्याखाली गरुडानं स्वतः लिहिलं होतं, ‘उद्या शुक्रवार. पाणी बंद, टाकी रिकामी. आमच्या इमारतीची टाकी मी स्वतः उतरून अशीच धुणार आहे. कंत्राटदारांवर माझा विश्वास नाही.’ सोबत टाकीच्या झाकणाचा फोटो.

तो पिवळट धूर मळाचा नव्हे, क्लोरीनचा. कारखान्यात एकदा पाइपच्या एका सांध्यातून तो जरासा निसटला होता, आणि मी आवाराच्या दुसऱ्या टोकाला उभी असूनही पुढे कित्येक दिवस माझ्या छातीत काचा फिरत होत्या. ते उघड्यावर. इथे हा माणूस जमिनीखालच्या बंद टाकीत, एकाच भोकातून आत उतरून तो धूर स्वतः तयार करणार होता. तो वर आलाच नसता. त्याला काढायला जो उतरला असता, तोही नाही.

मी लगेच लिहिलं. अगदी साध्या शब्दांत, भांडण न करता, हात जोडून लिहिलं. ही दोन्ही एकत्र करू नका, जीव जाईल. त्यावर दोन हसरे चेहरे आले. कोणीतरी लिहिलं, ‘साहेब घाबरले, म्हणजे युक्ती खरी आहे.’ मी गरुडाला खासगीत निरोप पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं, ‘काय साहेब, आज गुरुवारीच ओव्हरटाइम?’ आणि त्यानं मला ब्लॉक केलं.

कोणाला फोन करणार होते मी? पालिकेला सांगायचं काय, की गरुडाचा फोटो असलेला एक माणूस, नाव माहीत नाही, पत्ता माहीत नाही, उद्या टाकी धुणार आहे? एवढी वर्षं त्याच्याशी भांडले आणि तो कोणत्या गावात राहतो एवढंसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

मग माझा संशयी स्वभाव पहिल्यांदाच उपयोगी पडला. माझ्या फोनवर आता तो दिसेना, म्हणून नवऱ्याचा फोन घेतला (त्याचं खातं मीच उघडून ग्रुपला जोडलेलं आहे) आणि संध्याकाळभर गरुडाचे जुने फोटो चाळले, एरवी मी खोटी खाती पकडण्यासाठी चाळते तसे. झाकणाच्या फोटोत मागे एका शिकवणीची जाहिरात रंगवलेली भिंत होती, तिच्यावर ‘कॅम्प ५’ एवढं वाचता येत होतं. तुंबलेल्या गटाराच्या एका जुन्या फोटोत समोर मिठाईच्या दुकानाची पाटी होती, वर सिंधी लिपीत, खाली देवनागरीत. बदलापूर नव्हेच, हे उल्हासनगर. हा माणूस आमच्यापासून शेअर रिक्षाच्या अंतरावर राहत होता.

“जाऊ नकोस,” नवरा म्हणाला. “कोण कुठला माणूस. तुला बोलावून घ्यायलाच टाकली असेल ती पोस्ट.”

खोटं कशाला बोलू, ते माझ्याही मनात आलं होतं. आडनावाशिवायच्या बाईला घराबाहेर काढायचं तर यापेक्षा चांगली युक्ती कोणती? पण मग तो धूर आठवला.

“आणि नसेल तर?” मी म्हटलं. “अहो, तुम्हीच सांगा, नसेल तर?”

त्यानं माझी छत्री काढून दाराशी ठेवली. मग म्हणाला, “फोन चालू ठेव. मटण मी बघतो.”

सकाळी लवकर निघाले. कॅम्प पाचला मिठाईच्या दुकानात विचारलं, इथे कोणत्या इमारतीत आज टाकी धुणार आहेत? दुकानदार खव्याचे पेढे रचत होता. तो म्हणाला, “टाकीवाले अंकल? सामनेवाली बिल्डिंग, पीछे से जाओ. पण ताई, संभालके हां. तो माणूस सगळ्यांशी वाद करतो. मेरेको भी बोलता है, तेरे पेढे में दूध किधर से आया, दिखाओ.”

बरोबर ठिकाणी आले होते.

इमारतीच्या मागे टाकीचं झाकण उघडं होतं. बाजूला ब्लीचिंगची गोणी, अ‍ॅसिडच्या बाटल्यांचा खोका, लांब दांड्याचा ब्रश. आणि पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, तोंडाला रुमाल बांधत एक माणूस उभा होता. दहा पोरं नाहीत, पडदे नाहीत. पांढरे केस, बारीक हातपाय, चष्म्याला मागून दोरी. साठीच्या पुढचा, माझ्या मोठ्या भावाएवढा.

“थांबा,” मी ओरडले. “उतरू नका!”

“कोण तुम्ही? पालिकेतून?”

“मी जास्वंद.”

त्यानं रुमाल खाली ओढला. मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. छत्री पाहिली, पिशवी पाहिली, मग माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं.

“जास्वंद पुरुष आहे,” तो म्हणाला.

“नाही. मी आहे.”

“तो कंपनीत आहे. फक्त शुक्रवारीच लिहितो.”

“शुक्रवारी पाणी नसतं! धुणं नसतं, म्हणून वेळ मिळतो. हे मी लिहिलं होतं तुम्हाला.”

तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक बाई खो खो हसली. “बरोबरच बोलतायत त्या,” ती वरून म्हणाली. “मी पण शुक्रवारीच सगळ्या बहिणींना फोन करते. एवढे शोध लावता, बायकोला विचारायचं तरी.” आणि ती जिना उतरून खाली आली.

गरुड तिच्याकडे न बघता मला म्हणाला, “असेल. पण तुम्हाला पाठवलं कोणी? नाव सांगा पूर्ण. नुसतं नाव माहीत आहे मला. आडनाव?”

इथे मी थांबले. समोर उघडी टाकी, खोक्यात अ‍ॅसिड, आणि हा विचारतोय आडनाव. राग तर असा आला की छत्री घालावी डोक्यात. पण नाही सांगितलं असतं तर मी खोटीच ठरले असते, आणि तो उतरला असता. मी सांगितलं, जरा मोठ्यानंच. सांगून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. आडनाव ऐकल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं, ते मला लहानपणापासून ओळखता येतं. पण ऊन माझ्या डोळ्यांवर होतं आणि त्याच्या चष्म्यावर, नीट काही दिसलं नाही.

“आणि कारखान्यात होते मी, प्रयोगशाळेत,” मी पुढे म्हटलं. “नोकरी सोडली. मला कोणी पगार देत नाही. ही दोन एकत्र केलीत की विषारी वायू होतो. तुम्ही आत मराल, आणि तुम्हाला काढायला या उतरल्या तर याही.”

“हेच ते,” तो म्हणाला. “भीती घालायची. पहिल्यापासून कंपन्यांची हीच पद्धत.”

मग मात्र माझा आवाज चढला. “माझं नाव विचारलंत, आडनाव विचारलंत, पाठवलं कोणी ते विचारलंत. ती टाकीची पोस्ट कोणी लिहिली, ते विचारलंत का? त्याचं आडनाव काय? तो कुठे कामाला आहे? त्याला कोणी पाठवलं? पेढेवाल्याला दूध कुठलं ते विचारता, आणि ज्याच्या सांगण्यावरून टाकीत उतरताय त्याला काहीच नाही विचारलं?”

चष्मा कपाळावर सरकवून त्यानं फोन काढला. पोस्ट कोणाकडून आली ते पाहिलं. ज्यानं पाठवली त्याला तिथेच फोन लावला. त्यानं सांगितलं, मला मेहुण्याकडून आली. मेहुण्याला लावला. मेहुणा म्हणाला, कुठल्याशा ग्रुपवरून, कोणाची ते माहीत नाही, का, चांगली आहे ना? गरुडानं फोन बंद केला. त्यानं हात पायजम्याला पुसला.

त्याच्या बायकोनं अ‍ॅसिडचा खोका उचलला. “हे बाथरूमचं आहे, बाथरूममध्ये जाईल,” एवढं म्हणाली आणि जिना चढून गेली.

“माझा तुमच्यावर विश्वास नाही,” तो मला म्हणाला.

“नका ठेवू.”

“त्या पोस्टवरही नाही. नुसत्या ब्रशनं घासतो. तळाशी उरलंय त्या पाण्यानं.”

“ब्रशनं घासा. झाकण थोडा वेळ उघडं ठेवून मग उतरा, आणि वर कोणीतरी उभं राहू द्या.”

“ते का?” त्यानं लगेच विचारलं. मी कारण सांगितलं. ते त्यानं ऐकून घेतलं, म्हणजे मान हलवली नाही, पण ऐकलं.

तो टाकी घासत होता तोवर मी वर उभी राहिले, त्याच्या बायकोशेजारी. पाणी नसताना तिनं हंड्यातलं काढून माझ्यासाठी चहा केला. साखर जास्त होती. तिनं मला काही विचारलं नाही, फक्त अधूनमधून टाकीत वाकून म्हणायची, “आहात ना?” आणि आतून घुमून आवाज यायचा, “आहे.” तो आवाज आला की मी चहाचा पुढचा घोट घ्यायचे. निघताना तो टाकीशीच उभा होता. कोपरापर्यंत चिखल, नुसता हात वर केला.

घरी आले तर मटण थोडं लागलं होतं, आम्ही तसंच खाल्लं. दुपारी नवऱ्याच्या फोनवरून ग्रुप उघडला. गरुडाची नवी पोस्ट होती.

‘आज जास्वंद माझ्या घरी आली होती. बाई खरी आहे, मी डोळ्यांनी पाहिली. तिला कोणी पाठवलं ते अजून कळलेलं नाही, तपास चालू आहे. पण टाकीची पोस्ट कोणी लिहिली, तेही कोणाला सांगता येत नाही. मी स्वतः फोन करून पाहिले. जो आपलं नाव लपवून तुम्हाला टाकीत उतरवतो, तो तुमचा कोण? ते कळेपर्यंत कोणीही अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग एकत्र करू नये.’

मी हात जोडून लिहिलं तेव्हा दोन हसरे चेहरे आले होते. इथे अंगठ्यांची रांग लागली. बदलापूरच्या एका बाईनं लिहिलं, आमच्या सोसायटीत उद्या असंच करणार होते, आत्ता जाऊन सांगते. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण जळलेही. मी रसायनशास्त्र सांगून जे झालं नाही, ते यानं संशयाच्या जोरावर करून दाखवलं.

खाली गप्पा सुरू झाल्या होत्या. दिसते कशी, वय काय, गाडीनं आली का, गाडी कंपनीची होती का. गरुड एकेकाला उत्तर देत होता, पोलिसात जबाब द्यावा तसं. रिक्षानं आली. छत्री होती. चहा प्यायली.

मग ज्याची मी वाट पाहत होते ते आलंच. कोणीतरी विचारलं, ‘आडनाव विचारलंत ना तिचं? काय आहे?’

मी फोन दोन्ही हातांत धरला. आता येणार. पुन्हा सगळं तेच, नोकरी कशी मिळाली, गुण किती होते, कोणाची माणसं ही. टाकीचं सगळं पाण्यात जाणार. ‘लिहीत आहे’ अशी खूण त्याच्या नावापुढे बराच वेळ हलत राहिली. थांबली. पुन्हा हलली.

उत्तर आलं, ‘विचारायचं राहिलं.’

गरुड काही विसरणारा माणूस नाही. पेढ्यातल्या दुधाचा गाव विचारणारा माणूस आहे तो. मला ते वाचून डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी मनात पाल चुकचुकली की यानं हे का केलं असेल, याला माझ्याकडून काय हवंय? आजही मला ते कळलेलं नाही. पुढच्या शुक्रवारी त्यानं माझा ब्लॉक काढला आणि चंद्रावरच्या यानाबद्दल वीस ओळी लिहिल्या. नळाला पाणी नव्हतं, धुणं नव्हतं. मी उत्तर लिहायला बसले.